भोर-वेल्ह्यातले जळण आणि वाफेचे इंजिन

भोर आणि वेल्हे हे तालुके डोंगर, भात आणि पाऊस यांचे. वेल्हे आता राजगड या नावानेही ओळखले जाते. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव ही धरणे इथेच आहेत. एकट्या भाटघरच्या वीजगृहाची क्षमता १६ मेगावॉट आहे. तरीही पावसाळ्यात झाड तारेवर पडले की केळद किंवा हिर्डोशीच्या बाजूच्या वाड्या अंधारात बसतात. आजूबाजूला रान, खळ्यावर पेंढा, गिरणीत तुसाचे ढीग. मग एक कल्पना पुन्हा पुन्हा पुढे येते : हे जळण पेटवावे, पाणी उकळावे, पाच-दहा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन फिरवावे आणि गावाची वीज गावातच करावी. शंभर वर्षांपूर्वी गिरण्या अशाच चालत, मग आता का नको? प्रश्न वाजवी आहे. माझे म्हणणे असे की, निव्वळ विजेसाठी बसवलेले छोटे वाफेचे इंजिन या भागात तोट्याचेच ठरेल. पण ज्या जागी वाफ किंवा उष्णता एरवीही लागणारच आहे, तिथे तेच इंजिन जवळजवळ फुकटात वीज देईल. यंत्र एकच असले तरी या दोन वापरांत जळणाचा फरक दहापटीचा आहे. म्हणून ‘वाफेचे इंजिन किती कार्यक्षम?’ या प्रश्नाला, इंजिनातून बाहेर पडलेल्या वाफेचे पुढे काय होते हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आधी तोट्याचा हिशेब पाहू. तीस अंश तापमानाचे एक किलो पाणी दहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची वाफ व्हायला सुमारे ६३० किलोकॅलरी उष्णता लागते. तिच्यातला मोठा हिस्सा पाण्याची वाफ होण्यातच जातो, आणि तो सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलण्याच्या कामी येत नाही. ही वाफ प्रसरण पावत हवेच्या दाबापर्यंत उतरली, तर निर्दोष, घर्षणरहित, फक्त कागदावर असलेल्या इंजिनालाही तिच्यातून जेमतेम ९५ किलोकॅलरी काम काढता येते, म्हणजे १५ टक्के. बाकीची उष्णता वाफेबरोबर धुराड्यातून निघून जाते. प्रत्यक्षातले छोटे इंजिन या १५ टक्क्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त पदरात पाडते, कारण गार सिलिंडरच्या भिंतीवर वाफेचे पाणी होते, ती दट्ट्याच्या कड्यांतून निसटते आणि झडपांत अडते. छोटा बॉयलर जळणातल्या उष्णतेचे ६५ ते ७० टक्केच पाण्यापर्यंत पोचवतो. जनरेटरचा कर वेगळाच. जळणात १०० भाग उष्णता धरली, तर वाफेत ६८ पोचतात, आदर्श इंजिनाच्या वाट्याला १० येतात, खऱ्या इंजिनाच्या दांड्यावर ६ उरतात आणि तारेत वीज म्हणून ५ उतरतात. यात कारागिराचा दोष नाही. जेम्स वॉटच्या यंत्रांची कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांच्या घरात होती आणि पुढे शतकभर सुधारत गेलेली आगगाडीची इंजिने सहा-आठ टक्क्यांवर थांबली.

यावर जाणकार लगेच म्हणतील की आजची मोठी बायोमास वीजकेंद्रे याच वाफेवर २० ते २५ टक्के कार्यक्षमता गाठतात, मग लहान यंत्राला हे का जमू नये? मोठ्या केंद्रात वाफेचा दाब साठ-सत्तर किलो असतो, ती ४५० अंशांच्या वर तापवलेली असते, आणि शेवटी कंडेन्सरमध्ये निर्वात करून तिच्यातले उरलेसुरले काम काढून घेतले जाते. हे सगळे पाच किलोवॉटच्या इंजिनाला लावता येते, पण ते परवडत नाही. यंत्र लहान होते तेव्हा त्याचे घनफळ झपाट्याने कमी होते, पृष्ठभाग तितका कमी होत नाही. म्हणून उष्णता गळण्याचे आणि वाफ निसटण्याचे प्रमाण लहान यंत्रात नेहमीच जास्त राहते. अति तापलेल्या वाफेला वेगळे तेल, वेगळे धातू आणि बॉयलरच्या पाण्याची प्रयोगशाळेसारखी निगा लागते. कंडेन्सर, त्याचा पंप, गार पाण्याची सोय यांचा खर्च मूळ इंजिनाच्या वर जातो. राजकोटच्या टायनीटेकसारख्या उद्योगाने खेड्यांसाठी छोटी वाफेची इंजिने बनवून विकली, ती साधी आणि दुरुस्तीला सोपी ठेवूनच. साधेपणा हाच त्यांचा गुण, आणि त्याची किंमत जळणात मोजावी लागते.

पाच टक्क्यांचा अर्थ वाडीच्या भाषेत असा. वाळलेल्या लाकडाची किंवा तुसाची उष्णता किलोला ३,४०० किलोकॅलरी धरली, तर एका युनिट विजेला पाच किलो जळण लागते. चाळीस घरांच्या वाडीला संध्याकाळचे पाच तास पाच किलोवॉट द्यायचे, तर २५ युनिटांसाठी रोज १२५ किलो आणि वर्षाला सुमारे ४५ टन जळण हवे. वाफ हवेत सोडली, तर प्रत्येक युनिटमागे १८ लिटरच्या आसपास पाणीही जाते. आणि जळण फुकट मिळाले तरी ते घालायला माणूस फुकट मिळत नाही. आठ तासांच्या पाळीत पाच किलोवॉटचे इंजिन ४० युनिटे देईल. त्या माणसाची मजुरी ५०० रुपये धरली, तर युनिटमागे साडेबारा रुपये मजुरीचेच झाले. जळण तीन रुपये किलो धरले की आणखी १५. बॉयलर, इंजिन, दुरुस्ती यांचा पैसाही न धरता आपण साडेसत्तावीस रुपयांवर आलो. डिझेलचा लिटर नव्वद रुपयांना आणि त्यातून तीन युनिटे असे धरले, तर डिझेल जनरेटरची वीज ३० रुपयांच्या आसपास पडते, आणि ते सुरू व्हायला मिनिटही लागत नाही. गेल्या शतकात ऑइल इंजिनाने खेड्यापाड्यांतून वाफेला हुसकावले, ते या हिशेबाच्या बळावर. हँडल मारले की चालू होणाऱ्या यंत्रापुढे, तासभर आधी पेटवून वाफ धरेपर्यंत वाट पाहायला लावणारे यंत्र टिकणार कसे?

‘जळण फुकट’ या गृहीतकाचीही तपासणी करायला हवी, कारण भोर-वेल्ह्यात फारच थोडी गोष्ट खरोखर वाया जाते. भाताचा पेंढा उन्हाळ्यात जनावरांच्या पोटात जातो. उंचावरच्या गवताला गिऱ्हाईक असते. ऐन-किंजळीचा टहाळ, पालापाचोळा आणि शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटवायचा, म्हणजे राब भाजायचा, ही इथल्या भातशेतीची जुनी रीत. तिच्यावर टीका होते आणि पर्याय सुचवले जातात, पण तो टहाळ इंजिनासाठी मोकळा पडलेला आहे असे कोणी म्हणू नये. उरते ते रानातले लाकूड, आणि इथेच खरा धोका आहे. पानशेतचे धरण बांधताना खोऱ्यात रस्ते पोचले, उठवलेली माणसे वर डोंगरउतारांवर सरकली, आणि रान कोळसा होऊन बाहेर जाऊ लागले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास करताना हे नोंदवले आहे. रान विकायला गिऱ्हाईक आणि वाट मिळाली की ते किती लवकर संपते, हे या खोऱ्याला नव्याने शिकवायला नको. पाच टक्के कार्यक्षमतेचे यंत्र असे गिऱ्हाईक बनले, तर ते चूल पेटवणाऱ्या बाईच्या मोळीशी स्पर्धा करील. एका युनिट विजेला लागणाऱ्या पाच किलो लाकडात एका घराचा दिवसाचा स्वयंपाक साधारणपणे होतो.

मग जळणाचे वायूकरण का नको? गॅसिफायरमध्ये लाकूड अपुऱ्या हवेत जाळून ज्वलनशील वायू काढायचा आणि तो साध्या इंजिनात घालायचा. या रीतीने युनिटमागे सव्वा ते दीड किलो लाकूड पुरते, म्हणजे छोट्या वाफेच्या इंजिनाच्या तिसरा-चौथा हिस्सा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी गावाला १९८८ पासून अशी वीज दिली. बिहारमध्ये तुसावर चालणारी तिसेक किलोवॉटची केंद्रे हस्क पॉवर या कंपनीने उभी केली. कागदावर हा सामना वाफ हरलेलीच आहे. पण गॅसिफायरच्या वायूबरोबर डांबर येते, ते झडपांवर चिकटते, वायू गाळायला आणि धुवायला लागतो, आणि धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट हा वेगळा प्रश्न होऊन बसतो. जळणाचे तुकडे एकसारखे आणि कोरडे लागतात. वाफेच्या इंजिनात जाळ आणि दट्ट्या यांची भेटच होत नाही. बॉयलरखाली तूस घाला, चिपाड घाला, आंब्याच्या कोयी घाला, सिलिंडरला त्याचा पत्ताही लागत नाही. जळणाच्या जातीबद्दलची ही बेफिकिरी हा वाफेचा खरा आणि मोठा गुण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि चिपाड यांसारख्या मोकळ्या, विस्कळीत जळणावर चालणारे गॅसिफायर विकसित केले, तेही मुख्यतः भट्ट्यांना उष्णता पुरवण्यासाठी. शेतातल्या कचऱ्याला कसलेल्या अभियंत्यांनीही आधी उष्णतेच्याच कामाला लावले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. भोर तालुक्यातच, अनंतनगर-निगडे येथे, राजगड सहकारी साखर कारखाना आहे. कुठल्याही साखर कारखान्याची घडण पाहिली की वाफेचे खरे शहाणपण दिसते. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, निघते. त्यात निम्मे पाणी असते, तरी ती बॉयलरमध्ये जळते. उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून हवेत किंवा कंडेन्सरमध्ये न जाता, दीड किलोच्या आसपास दाब शिल्लक असतानाच, रस आटवायच्या भांड्यांकडे जाते. रस आटवायला उष्णता लागणारच असते. टर्बाइनने वाटेत त्यातला थोडा भाग कामाच्या रूपाने उचलून घेतला, एवढेच. जी ८५-९० टक्के उष्णता वाडीतल्या इंजिनात वाया गेली असती, तीच इथे कारखान्याचा मुख्य माल आहे आणि वीज ही वरकड. म्हणून जुनाट, कमी दाबाचे बॉयलर असलेले साखर कारखानेही पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची वीज फारशी न घेता हंगाम काढत आले.

ही युक्ती लहान प्रमाणावर किती फायद्याची, ते आकड्यांत पाहू. पुणे परिसरातल्या कितीतरी खाद्यपदार्थांच्या, औषधांच्या, कपड्यांच्या कारखान्यांत ब्रिकेटवर किंवा लाकडावर चालणारे छोटे बॉयलर असतात. वाफ दहा किलो दाबाने तयार होते आणि वापरायची असते तीन किलोने. मधला दाब एका झडपेत मारला जातो, त्यातून कोणतेही काम न घेता. तासाला एक टन वाफ अशी जात असेल आणि झडपेऐवजी तिथे छोटे वाफेचे इंजिन बसवले, तर इंजिनाची कार्यक्षमता अगदी बेताची धरूनही २० ते २५ किलोवॉट वीज मिळते. वाफेतून तेवढी उष्णता कमी होते, म्हणून थोडे जादा जळण घालावे लागते. पण ते युनिटमागे अर्धा किलोच्या आतबाहेर. पाच किलो कुठे आणि अर्धा किलो कुठे! बॉयलरवर माणूस एरवीही असतोच, त्याची मजुरी विजेच्या खात्यावर चढत नाही. ज्या इंजिनाला आपण आत्ता पाच टक्क्यांचे म्हणून नापास केले, ते या जागी जादा जळणाच्या साठ टक्क्यांइतकी वीज परत देते. बॉयलर आणि वाफेची उपकरणे बनवणाऱ्या थरमॅक्स, फोर्ब्ज मार्शल यांसारख्या कंपन्या पुण्यातच आहेत, तेव्हा हे तंत्र भोरपासून फार दूरही नाही.

या मोजपट्टीने पाहिले, तर भोर-वेल्ह्यात पहिली दावेदार भातगिरणी. एक टन भातातून सुमारे २०० किलो तूस निघते. ते नुसते विजेसाठी जाळले, तर ४० युनिटे मिळतील आणि उष्णता वाऱ्यावर जाईल. तेच तूस जाळून सातशे किलोच्या आसपास वाफ केली, ती इंजिनातून एक किलो दाबापर्यंत उतरवली, तर २५ युनिटांच्या आसपास वीज मिळते, आणि उरलेल्या वाफेवर भात वाळवता येतो. भात भरडायला लागणारी वीज साधारण याच मापाची असते, म्हणजे गिरणी आपल्याच तुसावर चालू शकते. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रह्मदेशातल्या मोठ्या भातगिरण्यांची वाफेची इंजिने तुसावरच चालत. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. उकडा तांदूळ करायचा असता, तर वाफेला वर्षभर काम मिळाले असते, आणि वरंध घाट उतरला की महाडच्या बाजूला उकड्या तांदळाला गिऱ्हाईकही आहे. पण भोर-वेल्ह्याचे नाव आहे ते आंबेमोहर आणि इंद्रायणीवर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून निघालेला इंद्रायणी त्याच्या वासासाठी आणि मऊ भातासाठी घेतला जातो, आणि उकडल्यावर ते दोन्ही जाते. चांगल्या किमतीचा वास घालवून वाफेला काम देणे हा उफराटा व्यवहार झाला. तेव्हा उरते भात वाळवणे. परतीच्या पावसात कापणी सापडली की ओलसर भात काळवंडतो आणि भरडताना कणी वाढते. त्या दोन महिन्यांत वाफेवरची वाळवण मोलाची आहे, पण दोन महिन्यांच्या कामावर बॉयलरचे कर्ज फिटत नाही. म्हणून हे गणित एकेका हलरवाल्याचे नाही. चार-सहा गावांचा भात एकत्र वाळवून, साठवून, मार्चपर्यंत भरडणाऱ्या एखाद्या शेतकरी कंपनीला ते जमू शकेल.

दुसरा दावेदार गुऱ्हाळ, नीरेच्या खोऱ्यात जिथे ऊस आहे तिथे. एक टन उसाचा रस आटवताना पाचशे किलोहून जास्त पाणी उडवायचे असते. आज ते काम काहिलीखालच्या चुलवाणात थेट जाळ घालून होते, आणि चरक विजेच्या मोटरीवर किंवा डिझेलवर फिरतो. चिपाडावर बॉयलर चालवून, वाफ आधी चरकाच्या इंजिनात आणि मग काहिलीच्या दुहेरी बुडात सोडली, तर चरकाची बरीचशी गरज त्याच वाफेतून भागते. गुळालाही जाळाची झळ लागत नाही, रंग नीट राहतो. विरोधात सांगायचे तर चुलवाण माती-विटांचे असते, गुळव्याच्या हाताला त्याचा जाळ बसलेला असतो, आणि बॉयलरची किंमत अख्ख्या गुऱ्हाळाच्या वरताण होऊ शकते. छोट्या गुऱ्हाळाने यात पडू नये. ज्याला रोज वीस-पंचवीस टन ऊस गाळायचा आहे आणि डबाबंद गूळ विकायचा आहे, त्याने जरूर हिशेब मांडावा.

सौरऊर्जेचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. छतावरच्या पॅनेलला माणूस लागत नाही, पाणी लागत नाही, राख काढावी लागत नाही. घरच्या दिव्या-पंख्यासाठी, पंपासाठी सूर्याशी वाफेने स्पर्धा करू नये, हे मी बिनतक्रार मान्य करतो. ‘पण घाटमाथ्यावर चार महिने ऊनच नसते, तेव्हा वाफ कामाला येईल’ असे म्हटले जाते, त्यात मात्र अर्धेच तथ्य आहे. त्या चार महिन्यांत जळणही ओले असते. निम्मे पाणी असलेल्या लाकडाची बरीचशी उष्णता आपलेच पाणी उडवण्यात जाते, आणि किलोमागे हाती येणारी उष्णता वाळलेल्याच्या निम्म्यावर येते. पावसाळाभर इंजिन चालवायचे, तर टनावारी जळण उन्हाळ्यातच छपराखाली भरून ठेवावे लागेल, आणि तूस इतके हलके असते की त्याला गोदामच मोठे हवे. सूर्य जे देऊ शकत नाही ते म्हणजे दीडशे अंशांची, रात्रीही मिळणारी, कमी-जास्त करता येणारी उष्णता. वाफेची बाजू तिथे भक्कम आहे.

राहता राहिला कायदा, आणि तो टाळण्यासारखा नाही. दाबाखालची वाफ भरलेला बॉयलर फुटला तर छप्पर उडते, माणसे मरतात. म्हणूनच १९२३ पासून देशात बॉयलरचा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पंचवीस लिटरपेक्षा मोठा, दाबाची वाफ करणारा बॉयलर नोंदवावा लागतो, त्याची ठरल्या मुदतीत तपासणी होते आणि तो प्रमाणित माणसाच्या हातातच द्यावा लागतो. खेड्यातल्या उत्साही माणसाला ही आडकाठी वाटते. पण गॅरेजमध्ये जुन्या सिलिंडरची पत्रे जोडून केलेल्या बॉयलरपासून गावाला वाचवणारी दुसरी गोष्ट कोणती? ज्यांना ही कटकट नको, त्यांच्यासाठी एक किलोच्या आतल्या दाबाच्या बॉयलरना सवलत आहे. त्या दाबावर इंजिनातून काम नाममात्र निघते, पण वाळवण, उकड, भांडी धुण्याचे गरम पाणी ही कामे नीट होतात. पाण्याकडेही पाहावे लागेल. सह्याद्रीच्या ओढ्यांचे पाणी बहुधा मऊ असते, पण बोअरवेलचे पाणी घातले तर क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि नळ्या जळतात. तुसाची राख १५ ते २० टक्के भरते आणि ती बहुतांशी सिलिका असते. ती भट्टीत वितळून गोळे धरू नये म्हणून जाळ मर्यादेत ठेवावा लागतो. भोरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर निघतात. त्यांतल्या दोघा-चौघांनी बॉयलर चालवण्याचे प्रमाणपत्र घेतले, तर गिरणीच्या मालकाला माणूस शोधत शिरवळला किंवा पुण्याला जावे लागणार नाही. असा माणूस मिळाला, तर बॉयलर घेताना पुढच्या इंजिनासाठी दहा किलो दाबाचाच घ्यावा, पहिला हंगाम नुसत्या वाळवणीवर काढावा, आणि वाफ तासाला किती किलो जाते याची वही ठेवावी. वाफ तीनशे किलोच्या वर, वर्षातले निदान शंभर-दीडशे दिवस जात असेल, तर दुसऱ्या वर्षी इंजिनाचे दर मागवायला हरकत नाही.